बारा मिलिमीटरचं भोक

"या पत्र्याला भोक पाडायचं असेल, तर आधी माझ्या छातीला पाड," असं म्हणून दादा व्हॅनच्या उघड्या बॉनेटपुढे हात पसरून उभा राहिला.

पक्कडताईच्या हातात ड्रिल होतं आणि ड्रिलला बारा मिलिमीटरचं बिट लावलेलं होतं. तिने दादाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझ्या छातीला बारा फार होतं," ती म्हणाली. "आठचं पुरेल."

शेडच्या दाराशी चाकांच्या खुर्चीत बसलेली धाकटी बहीण खुदकन हसली आणि लगेच "आई गं" करत कंबर धरून बसली. हसलं तरी तिची कंबर दुखायची.

दादा एकाहत्तरचा, पक्कडताई सहासष्टची, धाकटी एकसष्टची. दादाची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, पक्कडताईने लग्न केलंच नव्हतं, आणि कंबरेच्या ऑपरेशननंतर धाकटीही बाडबिस्तरा घेऊन इथे राहायला आली होती. तिघं भावंडं लहानपणी एका घरात भांडत होती तशी म्हातारपणीही भांडत होती. मध्ये पन्नासेक वर्षांचा खंड पडला एवढंच. पक्कडताईला हे नाव टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मिळालं. तिथे केबल विभागात तिने तेहतीस वर्षं काढली आणि पर्समध्ये आरसा-कंगव्याऐवजी पक्कड ठेवली. धाकटीला सगळे पारा म्हणत. एक तर ती घाटमाथ्यावरच्या हवामान केंद्रात सव्वीस वर्षं तापमापक वाचायची, आणि दुसरं, तिचा पारा चढायला वेळ लागत नसे.

व्हॅन त्यांच्या वडिलांची. वडील शिवणयंत्रं दुरुस्त करायचे आणि या व्हॅनमध्ये अवजारं भरून गावोगाव हिंडायचे. जाताना त्यांनी ती तिघांच्या नावावर केली. पण पंधरा वर्षांपूर्वी दादा जुन्या गाड्यांच्या मंडळात शिरला, पुढे त्याचा चिटणीस झाला, आणि तेव्हापासून व्हॅन शेडमध्ये देव्हाऱ्यातल्यासारखी बसली होती. वर्षातून एकदा ती संमेलनाला जायची, मैदानात उभी राहायची, आणि परत यायची. मंडळाने तिला पितळेची एक पट्टी दिली होती: 'मूळ स्वरूप'. दादा ती पट्टी रोज पुसायचा. स्वतःचा चष्मा आठवड्यातून एकदा.

भांडणाचं कारण असं की हवामान केंद्र महिनाअखेर बंद होणार होतं. आता खांबावरचं यंत्र आपोआप आकडे पाठवणार, माणसांची गरज नाही, असं वरून ठरलं होतं. शेवटची माणसाने घ्यायची नोंद एकतीस तारखेला दुपारी अडीचला. पाराला हे कळलं त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ती नोंद मी घेणार."

केंद्रात फोन केला तर तिथला अधिकारी म्हणाला, निवृत्त लोकांना आत सोडायचं नाही असा नियम आहे, त्यातून थंडी, तुमची तब्येत, कोण जबाबदारी घेणार? पाराने "बरं" म्हणून फोन ठेवला. तिचं 'बरं' ओळखणाऱ्यांना कळलं असतं की ती जाणार.

प्रश्न कसं जायचं हा होता. हिवाळ्यात बर्फामुळे घाटावर बस जात नाही. हल्लीच्या गाड्यांची सीट इतकी खाली की बसायला पारा वाकू शकत नाही. व्हॅनची सीट मात्र बरोबर कंबरेच्या उंचीला. पाठ टेकवायची, पाय फिरवायचे, झालं. मागे खुर्ची न दुमडता मावते. फक्त व्हॅनमध्ये ऊब नावाची गोष्ट नव्हती, आणि चार तास गारठ्यात बसली की पाराची कंबर लाकडासारखी व्हायची. मग तिथे पोहोचून तिला उतरवायचं की उचलून ठेवायचं?

"सीट गरम करायची," पक्कडताई म्हणाली. तिला ते इतकं साधं वाटत होतं. सीटच्या कव्हराखाली गरम होणाऱ्या गाद्या घालायच्या, बॅटरीपासून जाड वायर आणायची, आणि हात घातलाच आहे तर काचेवर धुकं धरू नये म्हणून एक छोटा पंखा आणि पुढे धुक्यातला एक दिवाही लावून टाकायचा.

सामान आणायला ती गाड्यांच्या वायरिंगवाल्याकडे गेली, तेव्हा तो तिला म्हणाला, "आजी, एवढ्या जुन्या गाडीत कशाला खटाटोप? त्यापेक्षा चांगली जाड शाल घ्या."

"मी तुला दुखण्यावर औषध विचारलं का?" पक्कडताई म्हणाली. "रिले आहे का, ते विचारलं. तीस अँपियरचा."

त्याने रिले दिला. मग जरा वरमून म्हणाला, "बसवून कोण देणार आहे?"

"तू तर नाहीसच," असं म्हणून ती बाहेर पडली.

तर आता शेडमध्ये दादा हात पसरून उभा होता, आणि वाद एका भोकाचा होता. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून जाड वायर आत आणायची, तर बारा मिलिमीटरचं एक भोक पाडणं भाग होतं.

"जुन्या भोकातून घाल की," दादा म्हणाला.

"ते जुन्या वायरींनी ठासून भरलंय. त्यात अजून एक कोंबली तर घासून सोलपटेल. मग तुझी मूळ स्वरूपातली गाडी मूळ स्वरूपातच जळेल."

"मंडळ पट्टी काढून घेईल. पंधरा वर्षांची मेहनत आहे माझी. बाबांची गाडी होती तशी ठेवलीय मी."

पक्कडताईने ड्रिल खाली ठेवलं. आतापर्यंत तिचा सूर थट्टेचा होता, तो गेला.

"होती तशी?" ती म्हणाली. "मागच्या बाजूला फळ्या बसवायला बाबांनी अकरा भोकं पाडली होती. छताला हुक होता, कंदील अडकवायला. आरशाशेजारी सुयांची डबी स्क्रूने बसवलेली होती. ते सगळं कुठे गेलं, दादा?"

दादाने मान वर करून व्हॅनच्या छताकडे पाहिलं.

"तू बुजवलंस. लांबी भरून, वर रंग मारून. कारखान्यातून निघाली तेव्हाची गाडी करून ठेवलीस तू. ही बाबांची नाहीच. बाबांना थंडी वाजली असती, तर त्यांनी आत शेगडी बसवली असती आणि धूर जायला वर भोक पाडलं असतं. तुला विचारलंही नसतं."

"आणि मलाही हक्क आहे," पारा दारातून म्हणाली. "गाडी तिघांची. दोघी एका बाजूला आहोत."

दादाचे हात हळूहळू खाली आले. तो बाजूला झाला, पण जाताना म्हणाला, "हे लक्षात ठेवा. चिटणीस म्हणून मला हे मंडळाला कळवावं लागेल."

"स्पेलिंग चुकवू नकोस," पक्कडताई म्हणाली आणि तिने ड्रिल चालू केलं.

पुढचे सहा दिवस शेडमध्ये काम चाललं. पक्कडताईने भोकाच्या कडा कानशीने गुळगुळीत केल्या, त्यात रबरी कडं बसवलं, मगच वायर ओवली. बॅटरीच्या अगदी बुडाशी फ्यूज लावला. किल्ली फिरवल्याशिवाय गाद्यांना करंट मिळू नये म्हणून मध्ये रिले घातला. डॅशबोर्डला तिने हात लावला नाही. त्याच्या खाली एक छोटी पट्टी लटकवून तिच्यावर बटणं ओळीने बसवली. हे तिने दादासाठी केलं, पण त्याला सांगितलं नाही.

अडचण एकच होती. व्हॅनचा जुना डायनॅमो फार तर बावीस अँपियर देणार, आणि दिवे, वायपर, पंखा, गाद्या सगळं एकदम लावलं तर मागणी तीसच्या वर जात होती. तिने पुठ्ठ्यावर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. शेवटी ठरवलं की गाद्या मंद आचेवर ठेवायच्या आणि सगळं एका वेळी लावायचं नाही. अंथरूण पाहून पाय पसरायचे.

सीटची कव्हरं उसवायचं आणि शिवायचं काम पाराने घेतलं. तिची कंबर गेली होती, हात शाबूत होते. शिवणयंत्रवाल्याची मुलगी, वाकडी सुई घेऊन बसली, आणि मांडीवर सीट घेऊन जुन्याच भोकांतून टाका घालत राहिली. कव्हर परत चढलं तेव्हा कुठे उसवलं होतं ते शोधून सापडेना. दादा दिवसातून चार वेळा 'माझा पाना राहिलाय' म्हणून शेडमध्ये येऊन जात होता. पाना त्याच्या खिशातच असायचा.

सातव्या दिवशी चाचणी घेतली. पक्कडताईने इंजिन सुरू केलं, बटण दाबलं, आणि पाच मिनिटांत पाराच्या चेहऱ्यावर असं काही आलं की पक्कडताईला दुसरीकडे बघावं लागलं. "अगं," पारा म्हणाली, "तीन हिवाळ्यांत पहिल्यांदा पाठ माझी वाटतेय."

दादा खिडकीशी उभा राहून बघत होता. पाराने पाय लांब करता यावेत म्हणून सीट मागे सरकवली, आणि खाली 'टक्' असा आवाज झाला. जळक्या रबराचा वास आला. गादी थंड पडली.

"सांगितलं होतं!" दादा ओरडला. "सांगितलं होतं मी! उतर, पारा, आधी खाली उतर!"

पक्कडताईने इंजिन बंद केलं. गुडघे टेकून ती सीटखाली शिरली आणि बराच वेळ टॉर्च फिरवत राहिली. बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं.

"चूक माझी," ती म्हणाली. "वायर सैल सोडली होती. सीट सरकली तशी रुळात सापडून चिरली."

दादाला एवढ्या सरळ कबुलीची सवय नव्हती. तो गडबडला. "म्हणजे... आग लागली असती."

"नाही. फ्यूज उडाला. आग लागू नये म्हणूनच तो लावला होता. चूक होणार हे धरूनच वायरिंग करतात, दादा. चूक होणारच नाही असं समजून जो काम करतो, त्याच्या गाडीत बसू नये."

"म्हणजे अजूनही तू जाणार?"

"वायर बदलते, नळीत घालून सीटच्या पायाला बांधते, आणि पन्नास वेळा सीट पुढेमागे करून बघते. मग जाणार."

तिने खरंच पन्नास वेळा केली. दादा मोजत होता. सदतिसाव्या वेळी त्याने आकडा चुकवला, तर तिने पुन्हा एकपासून सुरू केलं.

संध्याकाळी दादा मंडळाचं पत्र घेऊन आला. गाडीत फेरफार झाल्याने पट्टी परत करावी, असं त्यात होतं. खाली चिटणीस म्हणून दादाचीच सही. वाचताना त्याचा आवाज खाली गेला होता. पक्कडताईने पत्र पुरतं वाचूही दिलं नाही. पर्समधून पक्कड आणि पेचकस काढला, दोन स्क्रू सोडवले, आणि पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली.

"पोचपावती देतोस का चिटणीस म्हणून?" तिने विचारलं.

एकतीस तारखेला सकाळी साडेनऊला त्या निघाल्या तर दादा दोन स्वेटर, कानटोपी आणि मफलर अशा थाटात व्हॅनच्या मागच्या लाकडी बाकावर आधीच बसलेला.

"तू कुठे?" पारा म्हणाली.

"गाडी एक तृतीयांश माझी आहे. माझ्या हिश्श्यावर लक्ष ठेवायला येतोय."

"मागे गरम नाहीये हं," पक्कडताई म्हणाली. "मागची बाजू मूळ स्वरूपात आहे."

दादाने कानटोपी कानांखाली ओढली.

पहिले दोन तास बरे गेले. मग घाट लागला. दोन्ही कडांना बर्फ साचलेला, मधला रस्ता काळा आणि ओला. अर्ध्या घाटात धुकं उतरलं ते इतकं दाट की बॉनेटचं टोक दिसेना. दिवे लावावे लागले, वायपर लावावा लागला, काचेचा पंखा लावावा लागला. चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती, डायनॅमो मंद फिरत होता, आणि डॅशबोर्डवरचा अँपियरचा काटा उण्याकडे झुकू लागला, म्हणजे बॅटरी उतरू लागली. पक्कडताईला रस्ता बघावा की काटा, कळेना. पुठ्ठ्यावरचं गणित सपाट रस्त्याचं होतं.

"उणे चार," मागून दादाचा आवाज आला. तो बाकावरून पुढे सरकून दोन सीटच्या मधून काट्याकडे बघत होता. "तू रस्ता बघ. काटा मी सांगतो. उणे सहा."

पक्कडताईने हात खाली नेऊन एक बटण बंद केलं.

"उणे तीन," दादा म्हणाला. मग त्याने बटणांकडे पाहिलं. बंद झालेली गादी पक्कडताईची होती. पाराची चालू होती.

"ताई, माझी बंद कर," पारा म्हणाली. "तू गाडी चालवतेयस."

"गप्प बस. तुला उतरल्यावर चालायचंय."

पुढे बराच वेळ गाडीत दादाचे आकडे तेवढे ऐकू येत होते. उणे तीन. उणे पाच, वळण आलं, जपून. उणे दोन. एका वळणावर त्याने गळ्यातला मफलर काढला आणि मागूनच पक्कडताईच्या खांद्यांवर टाकला. "रस्ता दिसतोय ना?" एवढंच विचारलं.

"दिसतोय," ती म्हणाली.

हवामान केंद्राचं फाटक दिसलं तेव्हा दोनला दहा कमी होते. तिथे चाळिशीचा एक अधिकारी हातमोजे चोळत बाहेर आला. खुर्ची बघून त्याने ओळखलं. "बाई, मी फोनवर सांगितलं होतं," तो म्हणाला.

"हो. मी ऐकलं होतं," पारा म्हणाली.

"आत सोडता येत नाही. माझी नोकरी आहे."

"तुमची नोकरी आज संध्याकाळी दुसरीकडे जाणारेय, हे मला माहीत आहे. तुमची नोंदवही काढा. पाचव्या वहीपासून अकराव्या वहीपर्यंत अक्षर माझं आहे. ताप आला तरी चुकवलं नाही. मी कुठली खोली मागत नाही, पगार मागत नाही. तापमापकाच्या झडपांच्या पेटीपाशी जायचं, एक आकडा वाचायचा."

"पेटीपर्यंत पायऱ्या आहेत. खुर्ची जात नाही. तुम्ही पडलात तर?"

"तर पडेन. त्याची नोंद तुम्ही घ्या."

ती दोन काठ्या टेकून सीटवरून उतरली. एका दमात उतरली, कुणी धरलं नाही. चार तासांनंतर तिची कंबर वळत होती, पाय ऐकत होते. चौदा पायऱ्या होत्या. पक्कडताई एका बाजूने, दादा दुसऱ्या बाजूने, हात न लावता, पण हात तयार ठेवून. आठव्या पायरीवर ती थांबली, डोळे मिटले, ओठ चावले. दादा म्हणाला, "पुरे का?" तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मग ती नववी पायरी चढली.

अधिकारी मागोमाग वही घेऊन आला होता. कधी आणली कुणाला कळलं नाही. पेटीपाशी पोहोचून तो म्हणाला, "बरं, मी वाचतो, तुम्ही बघा."

"उलट करू या," पारा म्हणाली. "तुम्ही बघा, मी वाचते."

बरोबर अडीचला तिने पांढऱ्या पेटीचं दार उघडलं. डोळे पाऱ्याच्या रेषेला आणले, आणि श्वासाच्या उबेने आकडा हलू नये म्हणून तोंड बाजूला वळवून श्वास सोडला, मग रोखला. पक्कडताईने तिला तीन वर्षांत इतकं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"उणे सहा पूर्णांक चार," ती म्हणाली. "लिहा."

अधिकाऱ्याने तिच्यामागून वाकून पाहिलं, मान हलवली, लिहिलं. मग पेन तिच्यापुढे धरलं. सहीच्या रकान्यात तिने सही केली, खाली 'निवृत्त' असं लिहिलं आणि ते दोनदा अधोरेखित केलं.

उतरताना मात्र तिला उचलावं लागलं. दादा आणि अधिकारी दोघांनी उचललं. गाडीत बसल्यावर ती वेदनेने पांढरीफटक पडली होती आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं. पक्कडताईने न विचारता तिची गादी पूर्ण आचेवर केली. उतारावर डायनॅमोला काही कष्ट नव्हते.

पारा नंतर पाच दिवस अंथरुणाला खिळली. डॉक्टर रागावले. "जाऊ नका म्हटलं होतं ना?" तर ती म्हणाली, "पुन्हा विचाराल तर पुन्हा जाईन." सहाव्या दिवशी उठून बसली.

मंडळाचं संमेलन पुढच्या महिन्यात झालं. व्हॅनला मैदानात जागा नव्हती, ती फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला लावावी लागली. दादा चिटणीस म्हणून आत व्यासपीठावर बसायचा. त्या दिवशी तो बसला नाही. घरून घडीची खुर्ची घेऊन आला होता, ती त्याने फाटकाबाहेर व्हॅनशेजारी मांडली. दुपारी अध्यक्ष स्वतः बाहेर आले.

"अहो, आत चला," ते म्हणाले. "हे बरं दिसत नाही. तुमच्या बहिणींनी केलं, तुमचा काय दोष?"

"दोष कसला?" दादा म्हणाला. "चला, बसून बघा. बटण तिसरं."

अध्यक्ष सत्तरीचे होते आणि सकाळपासून उघड्या मैदानात उभे होते. नाही नाही म्हणत बसले. दहा मिनिटं झाली तरी उठायचं नाव घेईनात. मग दादाने बॉनेट उघडून त्यांना पत्र्यातलं भोक दाखवलं, रबरी कडं दाखवलं, फ्यूज दाखवला, आणि फ्यूज कशासाठी असतो तेही समजावलं. हे सगळं तो असं सांगत होता, जणू भोक त्यानेच पाडलं होतं. पक्कडताई रस्त्याच्या पलीकडे पाराच्या खुर्चीला रेलून उभी होती. तिने त्याला अडवलं नाही.